यादीतला चौथा नियम

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिलं आहे. मुलीला मार्चमध्ये १८ पूर्ण झाली. जुलैत ती शिकायला पुण्याला जाईल, वसतिगृहात राहील. थोरला मुलगा २१ वर्षांचा, तीन वर्षांपासून पुण्यातच खोली घेऊन राहतो. बातम्या वाचून आईची झोप उडाली आहे. तिने मुलीसाठी ११ नियम लिहून काढलेत: दिवेलागणीच्या आत परत यायचं, रिक्षात एकटीने बसायचं नाही, कपडे अंगभर, मैत्रिणीच्या खोलीवरसुद्धा रात्री थांबायचं नाही (हा चौथा), फोनचं लोकेशन घरच्यांना सतत दिसलं पाहिजे, पर्समध्ये पेपर स्प्रे, सुट्टीत कराटेचा वर्ग, आणि असेच आणखी काही. वडिलांनी बजावलं आहे की काही कानावर आलं तर शिक्षण बंद, थेट घरी. जाऊबाई म्हणतात, पाठवूच नका. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: दोन वर्षांपूर्वी घरातल्या लग्नात नवऱ्याच्या चुलतभावाने जिन्यात मुलीला नको तिथे हात लावला, तेव्हापासून ‘त्यांच्या जवळपास जायचं नाही’ असं तिला सांगितलंय आणि ती ते पाळते. आईचा प्रश्न: यादीत आणखी काय घालू, म्हणजे मी निर्धास्त होईन?

ताई,

तुमचे ११ नियम समोर ठेवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी जिन्यात हा नियम उपयोगी पडला असता का? मुलगी घरात होती. आईवडील हाकेच्या अंतरावर होते. अंगावर लग्नातले कपडे, भोवती सगळी ओळखीची माणसं. रिक्षा नव्हती, अंधारा रस्ता नव्हता, परका माणूस नव्हता. ११ पैकी एकही नियम तिच्या कामी आला नसता. तुमच्या मुलीला आजवर जो एक अनुभव आला, नेमका तोच तुमच्या यादीत बसत नाही.

तुमच्या घरी काही जगावेगळं घडलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला, मालक, सहकारी. हे फक्त नोंदलेल्या गुन्ह्यांचं झालं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला ते सांगितलं होतं. आपण अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून नियम करतो. तो असतोच, नाही असं नाही. पण धोक्याचा मोठा भाग ज्या दारातून आत येतो, ते दार आपणच ‘या, बसा’ म्हणून उघडलेलं असतं.

म्हणजे खबरदारी सगळी फुकट का? नाही. तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे संपतो, एवढं पाहायला हवं.

पेपर स्प्रे घ्या. पण तो पर्सच्या तळाशी, पाण्याची बाटली आणि डब्याच्या खाली असेल तर नसल्यासारखाच. हाताला लगेच येईल असा बाहेरच्या कप्प्यात हवा, आणि एकटीने चालताना थेट हातात. डबीवरची मुदतीची तारीख बघा. मुदत उलटली की आतला दाब उतरतो आणि धार पोहोचत नाही. एरवीही ती सहा ते दहा फुटांपलीकडे फारशी जात नाही. घेतल्यावर मोकळ्या मैदानात, वारा पाठीशी घेऊन एकदा मारून बघू द्या, नाहीतर ऐनवेळी खटका उघडता उघडत नाही. समोरून वारा असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. बंद खोलीत किंवा गाडीत दोघांनाही लागतो. आणि ज्याच्याबरोबर तासभर गप्पा मारत बसलोय, त्या ओळखीच्या माणसावर हात उचलायलाच मन तयार होत नाही. डबी तिथे हरते.

लोकेशनचं तसंच आहे. ती कुठे आहे ते तुम्हाला दिसेल; तिच्याबरोबर काय चाललंय ते दिसणार नाही. बॅटरी संपली, रेंज गेली की तुमचा जीव टांगणीला, आणि बहुतेक वेळा झालेलं काहीच नसतं. त्यापेक्षा दोघींनी असं ठरवा की उशिराच्या प्रवासात ती स्वतःहून तेवढ्या वेळापुरतं लोकेशन पाठवेल, पोहोचली की बंद करेल. चोवीस तास पाळत असली की मुलं फोन खोलीवर ठेवून बाहेर पडायला शिकतात. मग खरोखर गरज पडेल तेव्हा फोनच जवळ नसतो.

फोनमधली एक सोय मात्र आजच लावून घ्या. सेटिंगमध्ये आपत्कालीन सेवेचा पर्याय असतो. बाजूचं बटण भराभर तीन वेळा (काही फोनमध्ये पाच वेळा) दाबलं की ११२ ला फोन लागतो आणि निवडलेल्या नंबरांना निरोप जातो. त्यात तुमच्या नंबराबरोबर पुण्यातल्या कुणाचा तरी नंबर टाका. तुम्ही दीड-दोन तासांवर आहात.

कराटेचा वर्गही लावा, अंगात रग येते, मुलीला आवडलं तर उत्तमच. पण महिनाभरात शिकलेला ठोसा हे उत्तर नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना सुरक्षेची माहितीपत्रकं दिली, म्हणजे तुमच्या यादीसारखंच काहीतरी. उरलेल्यांना तीन-तीन तासांच्या चार बैठकांत शिकवलं. भर होता ओळखीच्या पुरुषांवर: हा दबाव आणतोय हे ओळखायचं कसं, ‘त्याला वाईट वाटेल’ ही भीड मोडायची कशी, तोंडाने आणि हातापायाने विरोध करायचा कसा. वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटातल्या ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता. शिकलेल्या गटातल्या ५.२ टक्के मुलींवर. फरक मोठा आहे, जवळजवळ निम्म्याचा. पण दुसऱ्या आकड्याकडे पुन्हा बघा. इतकं नेमकं शिक्षण घेऊनही शंभरातल्या पाच मुली सुटल्या नाहीत. त्यांचं शिकणं कमी पडलं असं म्हणता येत नाही. समोरच्याने करायचं ठरवलं होतं.

या प्रयोगातली एक गोष्ट तुम्ही घरी करू शकता. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, काकांच्या पाया पड, ‘नको’ कसं म्हणायचं पाहुण्यांना, हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. ते उतरवायला सराव लागतो. स्वयंपाक करताना तुम्ही समोरच्याचं बोला, तिला उत्तर देऊ द्या. ‘अगं थांब, एवढी काय घाई?’ ‘मी निघतेय.’ ‘रागावलीस का? माझ्यावर विश्वास नाही?’ ‘मी निघतेय, दार उघड.’ कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही, हसायचं नाही. कारण दिलं की समोरचा ते कारण खोडत बसतो आणि आपण अडकतो. पहिल्या दोन-तीन वेळा दोघींना अवघड वाटेल, शब्द घशात अडकतील. म्हणूनच आधी घरात म्हणून बघायचे.

आणि तरीही तिचं अंग गोठू शकतं, हे तिला सांगून ठेवा. तिच्या वडिलांना तर आवर्जून सांगा. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडितांसाठी तातडीचा दवाखाना आहे. तिथे आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांना हल्ल्याच्या वेळी हालचाल करता येईना, आवाज फुटेना, असा ठळक अनुभव आला होता. तीव्र भीतीत शरीर आपोआप असं वागतं. त्यात इच्छेचा भाग नसतो. आपल्याकडे मात्र याचाच पुरावा मागतात. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिची माणसं बाहेर थांबली होती. उच्च न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, ही त्यामागच्या कारणांत होती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये बलात्कार झाल्याची तक्रार एका तरुणीने दिली, तेव्हा ‘ती ओरडली का नाही’ याचीच चर्चा आधी झाली. कायदा पुढे गेला. माणसांच्या तोंडचा प्रश्न देसाईगंजलाच थांबला आहे. तुमच्या घरात तो विचारला जाणार नाही, एवढं तुम्ही आत्ताच ठरवू शकता.

आता चौथ्या नियमाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

मैत्रिणीच्या खोलीवर रात्री थांबायचं नाही. चार वर्षांत तुमची मुलगी हा नियम कधीतरी मोडेल. परीक्षा असेल, वाढदिवस असेल, पाऊस असेल. बहुतेक वेळा काहीही होणार नाही. पण समजा त्याच रात्री तिथे आलेल्या एखाद्या मित्राने काही केलं. त्या क्षणी तिला ११२ आठवायला हवं. तिला आठवेल चौथा नियम. मग आठवतील बाबांचे शब्द: शिक्षण बंद, थेट घरी. ती हिशेब करेल आणि गप्प बसेल. तुमच्या यादीतला प्रत्येक नियम तो मोडल्याच्या दिवशी तिच्याविरुद्धचा एकेक आरोप होतो, आणि तो आरोप ती आधी स्वतःच स्वतःवर ठेवते. तिला वाचवायला केलेली यादीच तिचं तोंड बंद करते. ते ७७ टक्के अशा घराघरांतून जमलेले आहेत.

म्हणून पहिला बदल यादीत नको, वडिलांच्या वाक्यात हवा. त्यांनी स्वतः, तुमच्यादेखत, तिला सांगायला हवं: ‘तू कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, किती वाजले होते, काय प्यायली होतीस, यातलं काहीही असलं तरी आधी मला फोन कर. तुझं शिक्षण थांबणार नाही.’ हे मोघम सांगून भागत नाही. ‘आम्ही आहोतच’ म्हटल्याने मुलींना काही कळत नाही. शिक्षण थांबणार नाही हे शब्द तोंडून निघाले पाहिजेत, कारण भीती त्याचीच आहे. वडिलांना जमत नसेल तर आधी तुमच्याशी म्हणून बघू द्या.

तसा फोन कधी आलाच, तर काय करायचं हेही माहीत असू द्या, कारण पहिल्या तीन दिवसांना फार किंमत आहे. पहिलं वाक्य: ‘बरं केलंस सांगितलंस.’ दुसरं: ‘आत्ता कुठे आहेस, सुरक्षित आहेस का?’ बाकी प्रश्न नकोत. मग आधी दवाखाना. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा वेळी ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे असा कायदा आहे. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. पुण्यात ससून, इतरत्र जिल्हा रुग्णालय, ही जागा पक्की धरा. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्याच्यावर बंधन आहे. पण तक्रार द्यायची सक्ती मुलीवर कुणी करू शकत नाही, आणि तिने नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. ७२ तासांच्या आत घेतली तर परिणाम अधिक, आणि पाच दिवसांपर्यंत उपयोग होऊ शकतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं मात्र ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. कावीळ ‘ब’ ची लस आणि इतर संसर्गांवरची औषधं याच भेटीत मागून घ्या.

शक्यतो तपासणीआधी अंघोळ, कपडे धुणं टाळायचं. पण मुलीने अंघोळ केली असेल तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत नमुने घेतले जातात, आणि उपचार तर कधीही हवेतच. कपडे प्रत्येकी वेगळ्या कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा राहतो, बुरशी धरते आणि पुरावा नासतो. घाईत बहुतेक घरांत हीच चूक होते. फोनमधले मेसेज पुसू नका, त्याला उलट मेसेज करून जाबही विचारू नका. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून ‘सवय आहे का’ बघणं, करायची नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे. कुणी करू लागलं तर नकार द्या.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, एफआयआरची प्रत मोफत मिळते. अशा गुन्ह्याची नोंद घ्यायला नकार देणं हा स्वतःच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा आहे. ठाण्यात हे कलम शांतपणे उच्चारलं तरी फरक पडतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जिल्ह्यातल्या सखी केंद्रात डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक यांची सांगड घालून दिली जाते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, फोन १५१००. पीडितांना राज्य सरकारकडून मिळणाऱ्या मनोधैर्य योजनेच्या मदतीचा अर्जही तिथेच चालतो.

वसतिगृह बघायला जाल तेव्हा गादी-पंखा बघून परत येऊ नका. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती कोण, अध्यक्षबाईंचं नाव काय, फलक कुठे लावलाय, हे कार्यालयात विचारा. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं तर समिती कागदावर आहे असं समजा आणि लेखी विचारा. समिती असणं बंधनकारक आहे. तिच्याकडे तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, ही मुदत मुलींना कुणी सांगत नाही आणि प्रकरणं तिथेच बुडतात. वसतिगृहाच्या रेक्टरांना विचारा की रात्री उशिरा आलेल्या मुलीला दार उघडतात की नाही. हा प्रश्न विचित्र वाटला तरी विचारा. साडेनऊला कुलूप घालणारं वसतिगृह दहा वाजता पोहोचलेल्या मुलीला रात्रभर रस्त्यावर ठेवतं, सुरक्षेच्या नावाखाली. मुलींच्या सुरक्षेचं कारण सांगून त्यांच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या नियमावलीत म्हटलं आहे.

आणि थोरल्याची यादी कुठे आहे, ताई? तो तीन वर्षं पुण्यात आहे. त्याला कुणी सांगितलंय का की गप्प राहणं म्हणजे हो नव्हे; की एकदा हो म्हटलेली मुलगी मध्येच नाही म्हणू शकते; की नशेत शुद्ध हरपलेली मुलगी संमती देऊ शकत नाही? खोलीवरच्या मित्राने एखाद्या मुलीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर पुढे न पाठवता ‘काढ तो’ म्हणायचं, आणि पार्टीत कुणी झोकांड्या खाणाऱ्या मुलीला आत नेत असेल तर ‘तिची मैत्रीण कुठे आहे, मी बोलावतो’ म्हणत मध्ये उभं राहायचं, हे त्याला यायला हवं. तुमच्या मुलीची सुरक्षितता अशाच कुणाच्या तरी भावाच्या हातात असणार आहे. बहिणीवर लक्ष ठेव असं त्याला सांगू नका. मित्रांवर ठेव असं सांगा.

जाऊबाईंचं म्हणणं थोडक्यात बाजूला ठेवते. घरी राहिल्याने मुलगी सुरक्षित राहते, हे तुमच्या घरातल्या जिन्याने खोटं ठरवलंय.

त्या जिन्याबद्दल तुम्ही मला काही विचारलं नाही, पण पत्रातली सगळ्यात खरी ओळ तीच आहे. तेव्हा ती १६ वर्षांची होती. तिने तुम्हाला सांगितलं, म्हणजे तिचा तुमच्यावर विश्वास होता. त्यावर नियम तिला मिळाला, तुमच्या त्या चुलत दिरांना नाही. ते अजून घरी येतात, आणि ते आले की ती आतल्या खोलीत जाते. दोन वर्षं ती हेच शिकत आलीय की असं काही घडलं तर आवरून घ्यायचं ते आपण. तुम्हाला त्या वेळी दुसरं सुचलं नसेल, घरातलं सगळं सांभाळायचं होतं, हे मला समजतं. पण ती पुण्याला जाण्याआधी तिच्याजवळ बसून हे बोला: ‘तेव्हा मी तुला दूर राहायला सांगितलं. सांगायला त्यांना हवं होतं. माझं चुकलं.’ ती कदाचित काहीच बोलणार नाही. रडेल, किंवा ‘जाऊ दे’ म्हणेल. उत्तराची घाई करू नका. तिला समुपदेशकाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

कायद्याचीही बाजू आहे. १८ वर्षांखालच्या मुलीशी असं वागणं पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो माहीत असलेल्या प्रत्येकावर कळवण्याची जबाबदारी आहे. म्हणून विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला आधी भेटा, शक्य तर तिला बरोबर घेऊन. ती आता सज्ञान आहे; तिच्यामागे परस्पर काही करू नका, आणि ‘कुणालाच कळणार नाही’ असं वचनही देऊ नका.

पुढचं लग्न किंवा पूजा लवकरच येईल, आमंत्रणाची यादी तुम्हीच कराल. त्या यादीत त्यांचं नाव नसेल, आणि का नाही हे त्यांना तिचे वडील फोन करून सांगतील. तो फोन होईल तेव्हा मुलीला घरात असू द्या, बाहेरच्या खोलीत.